धुतलेला डबा

तिसऱ्या दिवशीही डबा धुतलेला आला.

मी तो नाकाशी नेला. आत भाजीचा वास नव्हता, तेलाचा ओशटपणा नव्हता, झाकणाच्या कडेला अडकणारा मोहरीचा दाणासुद्धा नव्हता. हात धुवायच्या साबणाचा, त्या स्वस्तातल्या लाल वडीचा वास मात्र होता. आमच्या घरात तसला साबण नव्हता.

"मधुरा, डबा कोणी धुतला?"

"मी."

"का गं?"

"खरकटा होता म्हणून."

पहिलीपासून सातवीपर्यंत डबा धुणं तर सोडाच, तिनं तो दप्तरातून स्वतःहून बाहेर काढला तरी मी दिवस चांगला गेला असं समजायचे. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत डबा एकवीस दिवस दप्तरातच राहिला होता. तो उघडला तेव्हा हेमंतनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या.

"भाजी आवडली?" मी विचारलं.

"हो."

"कुठली होती?"

बुटाची नाडी सोडता सोडता तिचा हात क्षणभर थांबला. "भेंडी."

भेंडी बरोबर होती. तरी माझा संशय गेला नाही. डब्यावरून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला, एवढंच. बुधवारपासून ती दोन पोळ्या जास्त मागत होती. 'भूक लागते' म्हणाली होती. मग घरी आल्यावर नेहमीसारखीच चिवड्याच्या डब्यावर कशी तुटून पडत होती?

संध्याकाळी हेमंत ड्यूटीवरून आल्यावर मी त्याला हे सगळं क्रमानं सांगितलं. तो तेव्हा महावितरणच्या उपकेंद्रात होता आणि फलटणला बदली होऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती.

"पोरगी डबा धुते म्हणून तुला काळजी वाटतेय?" तो म्हणाला. "सत्यनारायण घाल."

"चेष्टा नको. कोणीतरी तिचा डबा काढून घेत असेल. आणि वर धुवायला लावत असेल."

"तू ना, उगाच बी.एस्सी. केलंस. पोलिसात जायला हवं होतंस."

शनिवारीही डबा धुतलेला आला. सोमवारी मात्र आला तो नेहमीसारखा, आमटी सांडलेला, झाकण चिकटलेलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चार दिवसांच्या चौकटीत पेन्सिलनं बारीक टिंबं दिली. का दिली ते मलाही सांगता आलं नसतं.

खरी भीती डब्याची नव्हतीच. मधुरा बोलायची थांबली होती.

आधी ती अशी नव्हती. शाळेतून आली की गणवेश न बदलता ओट्यावर चढून बसायची, पाय हलवत राहायची आणि प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंतची शाळा माझ्यासमोर ओतायची. कुणी फळ्यामागे च्युइंगम चिकटवलं, इतिहासाच्या बाई कुणावर चिडल्या आणि चिडताना त्यांची टिकली कशी पडली, ईश्वरीनं खो-खोत एका डावात किती गडी बाद केले. ईश्वरी मुळीक ही तिची पाचवीपासूनची मैत्रीण. शाळेच्या खो-खोच्या संघात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चपळ. मधुराला स्वतःला धावता येत नाही, चार पावलांत तिला धाप लागते. पण ईश्वरीचे डाव सांगताना ती ओट्यावर बसल्या बसल्या घामाघूम व्हायची.

मग पावसाळ्याच्या मध्यावर कधीतरी हे सगळं बंद झालं. हळूहळू नाही, नळ बंद करावा तसं.

"काय झालं शाळेत?"

"काही नाही."

एका रविवारच्या पुरवणीत मी वाचलं की मुलांना 'काय झालं' असं विचारू नये, नेमकं काहीतरी विचारावं. मी तो कागद कापून फ्रिजवर लावला आणि कामाला लागले.

"आज सगळ्यांत जास्त हसू कशाचं आलं?"

"कशाचंच नाही."

"आज बाकावर शेजारी कोण बसलं होतं?"

"दप्तर."

"मधल्या सुट्टीत कुठला खेळ खेळलात?"

तिनं फ्रिजकडे बोट दाखवलं. "आई, तो चौथा प्रश्न आहे. तिसरा राहिला."

मी कागद काढून टाकला. मग मी न विचारता कळून घ्यायला लागले. ती आंघोळीला गेली की दप्तर बघायचे. वह्यांची मागची पानं बघायचे, कारण मुली सगळं मागच्या पानांवर लिहितात. मागची पानं कोरी होती. एका वहीचं मागचं पान तर फाडलेलं होतं, आणि त्याच्या पुढच्या पानावर उमटलेले दाब मी खिडकीशी तिरके धरून वाचायचा प्रयत्न केला. भागाकार होता.

ईश्वरीही घरी यायची थांबली होती. भांडण झालं असेल असं मला वाटलं. तिच्या आईला विचारावं म्हटलं, तर मुळीकवहिनी आताशा दिसल्या तरी घाईत असत. भाजी मंडईत मला बघून त्या कोथिंबीर न घेताच पलीकडच्या ओळीत गेल्या, हे मी स्वतः पाहिलं. श्रावणातल्या एका शुक्रवारी मी शेजारपाजारच्या बायकांना दूध-चण्याला बोलावलं होतं, त्या वेळी आल्या होत्या त्या शेवटच्या. त्या दिवशी त्यांच्या सासूबाई अर्धं दूध पेल्यात तसंच ठेवून उठल्या होत्या. मी केशर घालून आटवलेलं दूध. मला ते जरा लागलं होतं.

त्यातच शनिवारचा उशीर सुरू झाला. शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटायची. मधुरा एक वाजता यायला लागली.

"विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प आहे," तिनं सांगितलं.

"कसला?"

"पाण्याचा."

"पाण्याचा म्हणजे? मी केमिस्ट्रीची आहे, मला सांग, मी मदत करते."

"बाईंनी सांगितलंय, घरच्यांची मदत घ्यायची नाही."

मी दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून प्रदर्शनाचा विषय काढला.

"विज्ञान प्रदर्शन? ते दिवाळीनंतर हो," बाई म्हणाल्या. "अजून विषयसुद्धा दिले नाहीत. का?"

"सहज," मी म्हणाले. फोन ठेवला. माझी मुलगी खोटं बोलत होती, आणि चांगलं बोलत होती. पाण्याचा प्रकल्प. किती साधा शब्द शोधला होता.

तेव्हापासून मला झोप लागेना. शाळेतल्या प्रत्येक माणसाचा चेहरा मी आठवून बघायला लागले. रिक्षावाले काका फार गोड का बोलतात? खेळाचे पिसाळ सर अजून तिशीतही नाहीत, ते शनिवारी शाळेत का थांबतात? स्टेशनरीच्या दुकानातला तो माणूस मधुराला नावानं का हाक मारतो? हेमंत म्हणाला, "तू विचार की तिला सरळ." मी म्हटलं, "सरळ विचारलं की ती आणखी लपवेल." तो म्हणाला, "मग तुम्ही दोघी लपाछपी खेळा, मी जेवतो."

नवरात्र आलं. दुसऱ्या की तिसऱ्या माळेला, बुधवारी, मधुरानं सकाळी पुन्हा सांगितलं, "दोन पोळ्या जास्त दे."

संध्याकाळी डबा धुतलेला.

मी कॅलेंडरपाशी गेले. मागची टिंबं बुधवार ते शनिवार. मधे बरोबर चार आठवडे. मी तिथंच उभी राहिले आणि एकदम माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी आत जाऊन माझं कपाट उघडलं, साड्यांच्या मागे ठेवलेलं पॅडचं पाकीट काढलं. आठ असायला हव्या होत्या. पाचच होत्या.

म्हणजे तिला पाळी आली होती आणि तिनं मला सांगितलं नव्हतं.

मला रडू आलं ते रागानं नाही. माझ्या आईनं मला काहीच सांगितलं नव्हतं, मी शेजारच्या काकूंच्या न्हाणीघरात घाबरून बसले होते. म्हणून मधुराला मी दहाव्या वर्षीच चित्र काढून सगळं समजावलं होतं. आमच्या घरात शिवाशिव नाही, काही नाही, आली की मला सांग, आपण श्रीखंड करू, असंसुद्धा म्हटलं होतं. इतकं करून ती माझ्यापासूनच लपवते?

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती भूगोलाचा नकाशा रंगवत होती.

"मधू, तुला काही सांगायचंय का मला?"

"नाही."

"माझ्या पाकिटातल्या तीन पॅड कमी आहेत. मी रागावणार नाही. तुला आली का?"

तिनं मान वर केली. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "नाही. मला कुठं आली? आली तर तुला कळेलच ना."

"मग त्या कुठं गेल्या?"

ती पुन्हा नकाशावर वाकली. कोकणपट्टीचा हिरवा रंग सह्याद्रीच्या पलीकडे गेला तरी तिचा खडू थांबेना.

"मधुरा, मी काय विचारतेय?"

"मला माहीत नाही."

"कोणासाठी घेतल्यास?"

"मला माहीत नाही म्हटलं ना." आणि मग, नकाशाकडे बघतच, अगदी सपाट आवाजात ती म्हणाली, "तुला सांगून काय होतं?"

हे ती उद्धटपणे म्हणाली असती तर मी एक ठेवून दिली असती. पण ती खरोखरच विचारल्यासारखं म्हणाली. मला प्रश्नच कळला नव्हता.

शनिवारी मी साडेअकराला स्कूटी काढली. तोंडाला स्कार्फ बांधला, गॉगल लावला. शाळेच्या मागच्या अंगाला मैदानाची भिंत आहे, एका ठिकाणी विटा पडून ती कमरेएवढी झाली आहे. तिथं एका टेम्पोच्या आडोशाला मी उभी राहिले. आता कोण दिसणार, कोणाबरोबर दिसणार. मी सगळ्याची तयारी केली होती.

मैदानात खो-खो चालला होता.

पंधरा-वीस मुली होत्या. पिसाळ सर शिट्टी घेऊन खांबाजवळ, आणि शाळेच्या एक वयस्कर बाई खुर्ची टाकून सावलीत स्वेटर विणत होत्या. आठ मुली ओळीत उकिडव्या बसलेल्या. त्यांच्यामधून वेलांट्या घेत एक बारकी पोर पळत होती. ईश्वरी. तिच्या अंगात निळी ट्रॅकपँट होती, गुडघ्याला पांढरं ठिगळ. ते ठिगळ मी लावलेलं होतं. ती पँट धुण्यात दिसत नाही म्हणून मी धुणंवाल्या बाईशी वाद घातला होता.

आणि माझी मुलगी मैदानाच्या कडेला दोन दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती. खेळाकडे पाठ करून. ती फाटकाकडे बघत होती, मग रस्त्याकडे, मग पुन्हा फाटकाकडे. ती राखण करत होती.

कोणापासून, ते मला कळलं नाही. थोड्या वेळानं शिट्टी झाली, मुली पांगल्या. दोघी कडुनिंबाखाली बसून एकाच डब्यातून खायला लागल्या. खाणं संपलं तसा ईश्वरीनं डबा उचलला आणि ती नळावर गेली. मधुरा तिच्या मागे, "राहू दे गं, राहू दे" म्हणत. ईश्वरीनं नळाच्या कट्ट्यावरची साबणाची लाल वडी घेतली आणि डबा घासायला लागली. आतून, बाहेरून, झाकणाच्या कडेतून, बोटाचं नख फिरवून. तेरा वर्षांची मुलगी इतकं मन लावून भांडं घासताना मी पाहिली नव्हती.

मी फाटकातून आत गेले. स्कार्फ काढायचा राहून गेला होता, पण मधुरानं मला चालण्यावरून ओळखलं. चोरी पकडली गेली की मुलांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. तो चेहरा नव्हता. ती पटकन ईश्वरीच्या पुढे येऊन उभी राहिली, माझ्या आणि तिच्या मधे.

ईश्वरीच्या हातातून डबा खाली पडला.

"काकू," ती म्हणाली, "आजीला सांगू नका. पाया पडते."

"अगं, मी कशाला..."

"आई," मधुरा म्हणाली, "तू घरी जा. मी येते. तू आधी घरी जा."

मी गेले. माझ्या आयुष्यात मुलीचं ऐकून मुकाट्यानं परत फिरण्याची ती पहिली वेळ.

ती एक वाजता आली. दप्तर ठेवलं, डबा काढून ओट्यावर ठेवला. मी पाणी दिलं. ते तिनं घेतलं नाही.

"तिला खो-खो बंद केलंय घरी," ती म्हणाली. "तरी ती येते. प्रकल्प आहे सांगून येते. आपल्याकडे असतो प्रकल्प, असं सांगते. बास. कळलं सगळं?"

"बंद का केलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं ती बघत होती की मला खरंच आठवत नाही, की मी सोंग करतेय.

"आई, जूनमध्ये मी तुला सांगितलं होतं. ईश्वरीला वर्गात पाळी आली, तिच्या स्कर्टला डाग पडला आणि मी माझा रेनकोट तिला कमरेला बांधायला दिला. आठवतं?"

"आठवतं की. मी म्हटलं होतं, शाबास."

"आणि मी काय म्हटलं होतं?"

मी आठवायला लागले. ओट्यावर बसून ती सांगत होती, मी कणीक मळत होते. शेवटी ती काहीतरी म्हणाली होती. मुली नेहमीच म्हणतात तसं.

"कोणाला सांगू नको म्हटलं होतं," मधुरा म्हणाली.

"मग मी कोणाला सांगितलं? फक्त तिच्या आईला..."

वाक्य तोंडातून निघता निघताच मला ते दिसलं. माझी बैठकीची खोली, जिवतीचा कागद, सात-आठ बायका. मी मुळीकवहिनींना दूध देत होते. पोर अशक्त दिसते, तिला अंगावरून जास्त जातं म्हणे, मधुरा सांगत होती. तीन महिने झाले ना आता? लोहाच्या गोळ्या सुरू करा हं वहिनी. किती आपुलकीनं बोलले होते मी. शिकलेल्या बाईच्या आवाजात. मुळीकवहिनींचा हात पेल्याभोवती तसाच राहिला होता, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी आपला पेला खाली ठेवला होता.

"तिच्या आईलाच सांगायचं नव्हतं ना," मधुरा म्हणाली. "तिनं घरी सांगितलंच नव्हतं. त्यांच्याकडे बाजूला बसवतात, मागच्या खोलीत. ताट वेगळं, ते स्वतः घासायचं. खो-खो बंद होणार, हे तिला माहीत होतं, तिच्या ताईचं तसंच झालेलं. म्हणून तिनं तीन महिने लपवलं. आणि त्या शुक्रवारी सकाळी आजीनं तिच्याच हातून जिवतीची पूजा मांडून घेतली होती. तुझ्याकडून घरी गेल्यावर आजीनं ती सगळी पूजा उचलून विहिरीत टाकली. तिला विचारलं, तीन महिने कशाकशाला शिवलीस ते सांग. एक एक भांडं."

मधुरानं ओट्यावरचा धुतलेला डबा माझ्याकडे सरकवला.

"त्या चार दिवसांत तिला डबा देत नाहीत. घरातला डबा तिच्या हातात जाऊन परत कसा येणार? म्हणून ती माझ्यातलं खाते. आणि धुते. मी कितीदा सांगितलं की माझ्या आईचं तसं काही नसतं. ती म्हणते, असू दे, तुझ्या आईच्या भांड्यांत मिसळेल."

"आणि पॅड..."

"घरी कापड देतात. कापडावर पळता येत नाही."

बाहेर कुठंतरी देवीची आरती चालू होती. "तिनं तुला काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"नाही. तिला वाटतं तिच्या आजीनंच ओळखलं." मधुरानं दप्तर उचललं. "मी तिला अजून सांगितलेलं नाही की ते माझ्याकडून गेलं."

'तुझ्याकडून' म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं, कडी न वाजवता.

मी इतके दिवस रिक्षावाल्याला, सरांना, दुकानदाराला तपासत होते. स्वयंपाकघरात कोण उभं असतं, ते बघायचं राहिलं होतं.

दसऱ्याला संध्याकाळी लोक सोनं द्यायला येत-जात होते. आपट्याच्या पानांचा ढीग टीपॉयवर साठला होता. हेमंत खाली मित्रांबरोबर होता. बेल वाजली, दार उघडलं तर मुळीकवहिनी. एकट्याच. हिरवी साडी, हातात पानं, जिन्यानं दम लागलेला.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," त्या म्हणाल्या.

"या की आत. सासूबाई?"

"खाली गाडीत बसल्यात. गुडघ्यांनी जिना चढवत नाही. म्हणाल्या, तू देऊन ये पटकन."

मी त्यांना बसवलं. मधुराच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. मघाशी ते बंद होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

मुळीकवहिनींनी चहा बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत.

"मधुराच्या आई, एक विचारू का? आमची ईश्वरी दर शनिवारी तुमच्याकडे येते ना? प्रकल्पाला?"

मागच्या वेळी याच खोलीत, याच खुर्चीशी, मी काही विचारलेलं नसताना सगळं बोलून टाकलं होतं. आता मला विचारलं होतं, आणि एका आईनं विचारलं होतं. त्यांना खरं कळण्याचा हक्क नव्हता का? मी इतके दिवस त्याच हक्कासाठी दप्तरं उलटीपालटी करत होते. पण ते दार बोटभर उघडं होतं.

"दोघी बरोबरच असतात," मी म्हणाले. "माझं लक्ष असतं."

"मधुरा काही बोलते का घरी तिच्याबद्दल?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही बोलत."

मुळीकवहिनी बशीतल्या चहाकडे बघत होत्या. "फार उभं राहावं लागतं का हो, त्या प्रकल्पात?"

"लागतं थोडं."

"पाय दुखतात तिचे. मी तेल लावून देते गुपचूप. परवा गुडघा फुटून आली." त्यांनी मान वर केली. "पाण्याचा प्रकल्प आहे म्हणाली. म्हटलं, पाण्यात दगड फार असतील."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. वहिनी चटकन खुर्चीच्या कडेवर आल्या आणि भराभर, खालच्या आवाजात बोलल्या, "असल्या प्रकल्पाला पालकांची सही लागते. मी शाळेत असताना लागायची. माझ्या आईनं केली नव्हती. ही पोरगी मला कागद दाखवत नाही, आणि घरी दाखवून उपयोगही नाही. कुठं ठेवलाय देव जाणे. तुमच्याकडे असला तर बघा."

"माझ्याकडे..." मी म्हणाले, आणि थांबले. मला माहीतच नव्हतं. आणि माहीत असतं तरी ते मी सांगायचं नव्हतं.

दार उघडलं. मधुरा बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिनं हातातली कंपासपेटी उघडली, तळाचा कागद उचलला, त्याच्या खालून चार घड्या घातलेलं पत्रक काढलं आणि वहिनींसमोर धरलं. वर मोठ्या अक्षरात 'तालुकास्तरीय शालेय खो-खो स्पर्धा' असं होतं.

मुळीकवहिनींनी ते सगळं वाचलं, अगदी खालच्या बारीक सूचनांपर्यंत. मग मधुराकडे हात पुढे केला. "पेन दे गं बाई."

सही करताना त्यांच्या बांगड्या टीपॉयला लागून वाजत होत्या. पुन्हा हॉर्न वाजला. त्यांनी कागदाची होती तशी घडी घातली, मधुराच्या हातात दिली आणि तो हात क्षणभर मिटून धरला. "माझ्याजवळ नको. तुझ्याजवळच ठेव. तुझ्याजवळचं कुठं जात नाही."

मधुरानं खाली मान घातली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या गेल्या. जिन्यावरून त्यांचा मोठा आवाज आला, "आले आले, सोनं देत होते."

मी कप उचलून आत नेले. नळ सोडला. मागे मधुरा येऊन उभी राहिल्याचं मला कळलं, पण मी वळले नाही आणि काही विचारलं नाही. मी कप धुतले, बश्या धुतल्या, धुतलेली बशी पुन्हा धुतली.

ओट्यावर कोणीतरी चढून बसल्याचा आवाज झाला.

"आई."

"हं."

"पुढच्या वेळी भेंडी नको देऊस. तिला आवडत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून खाते ती."

"बरं," मी म्हणाले, आणि नळ बारीक केला.